एकाच टीममधे अख्खं करिअर काढणारे बास्केटबॉलवाले : याला निष्ठा म्हणायची का?

भुसावळ_पॉइंटगार्ड

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून हा विषय डोक्यात घोळतोय, इथे एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणारे थोडेच आहेत पण जे आहेत ते मनापासून बघतात म्हणून इथेच विचारतो.

मी भुसावळला पोरांना बास्केटबॉल खेळवतो. कोर्ट सिमेंटचं, उन्हाळ्यात संध्याकाळी सातपर्यंत बुटातून पण चटका लागतो म्हणून मे-जूनमधे सगळे पहाटेच जमतो, आणि फायनल चालू असली की सहाला मॅच सुरू होते तेव्हा एका मोबाईलवर दहा डोकी असतात. तर आमच्यातला सगळ्यात चांगला पोरगा, सोळा वर्षांचा आहे, त्याला पुण्याच्या एका क्लबने बोलावलंय. राहणं-खाणं त्यांच्याकडे, लाकडी कोर्ट, रोज कोच. घरचे तयार आहेत. पण आमचेच काही जुने खेळाडू ग्रुपवर लिहू लागले की आम्ही घडवला आणि आता जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर पळतोय, गद्दार आहे, नोवित्स्की बघ २१ वर्षं एका टीमला खेळला, कोबी २०, डंकन १९, आणि तू टीम सोडून जाणारा ड्युरांट निघाला. पोराने ते वाचलं आणि दोन दिवस ग्राउंडवर आलाच नाही.

नोवित्स्की माझाही फार आवडता. म्हणून तर त्याचं नाव एका पोराला हाणायला वापरलं ते मला जास्त लागलं. पण प्रश्न खरा आहे असंही वाटतं. हे जे एकाच टीममधे राहिले ते खरंच निष्ठेने राहिले, की टीम चांगली होती, पैसे मिळत होते, मग जायचं कशाला असं होतं? आणि जो जातो तो गद्दारच का? जरा सविस्तर लिहा.

जळगाव_४१

भाऊ, युजरनेम बघून कळलंच असेल मी कोणाचा, ४१ म्हणजे डॅलसच्या नोवित्स्कीचा नंबर. २०१५ ला डॅलसने आपल्या पंजाबच्या सतनाम सिंगला ५२व्या नंबरवर ड्राफ्ट केलं (टीमा पाळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात त्यात घेतलं), एनबीएच्या ड्राफ्टमधे निवडलेला पहिला भारतीय, तेव्हापासून मी डॅलस बघायला लागलो आणि मग नोवित्स्कीच्या जुन्या मॅचेस शोधून शोधून बघितल्या.

"टीम चांगली होती म्हणून राहिला" हे त्याच्या बाबतीत तरी चालत नाही. २००६ ची फायनल घ्या (सातपैकी चार मॅच आधी जिंकेल तो चॅम्पियन), मायामीविरुद्ध दोन मॅच जिंकून पुढे होते आणि पुढच्या चारही हरले. २००७ ला डॅलस ६७ मॅच जिंकून पहिल्या नंबरवर, नोवित्स्की एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), आणि पहिल्याच राउंडला आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटकडून बाहेर. त्यावेळी लोकांनी काय काय म्हटलं त्याला, मऊ आहे, युरोपचा आहे, याच्याकडून कधी व्हायचं नाही. २०१० ला तो फ्री एजंट (करारातून मोकळा) होता, त्याच उन्हाळ्यात लेब्रॉन आणि बॉश मायामीला जाऊन वेडसोबत जमले. हा पण कुठेही जाऊ शकत होता. तो राहिला, आणि मिळू शकत होते त्यापेक्षा कमी पैशात सही केली, चार वर्षांचे ८ कोटी डॉलर. पुढच्याच वर्षी फायनलला समोर तीच मायामीची तिकडी. पहिल्या मॅचला डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायूबंध तुटला, तर दुसऱ्या मॅचला शेवटचं बास्केट त्याच डाव्या हाताने टाकलं. चौथ्या मॅचला अंगात ताप. सहाव्या मॅचचा वेळ संपला तसा तो कोर्टावर नाचत बसला नाही, टेबलावरून उडी मारून सरळ आत निघून गेला कारण त्याला रडू आवरत नव्हतं. तो क्षण बघा आणि मग सांगा त्याला काय म्हणायचं ते.

२०१४ ला पुन्हा तसंच, तीन वर्षांचे अडीच कोटी डॉलर फक्त, लेकर्स आणि रॉकेट्स कितीतरी जास्त द्यायला तयार होते असं तेव्हा छापून आलं होतं. उरलेल्या पैशातून टीमला दुसरे खेळाडू घेता यावेत म्हणून. २०२२ च्या नाताळला एरिनाबाहेर त्याचा पुतळा बसवला, एका पायावर मागे झुकून मारतो तो शॉट, उजवा गुडघा वर आलेला आणि बॉल डोक्याच्या मागून निघालेला.

पण भाऊ तुमच्या त्या पोराला नोवित्स्कीचं उदाहरण देणं चूकच आहे. नोवित्स्की वीस वर्षांचा असताना जर्मनीतल्या वुर्झबर्गचा आपला गावचा क्लब सोडूनच अमेरिकेला गेला. तो तिथेच राहिला असता तर आपण आज त्याचं नाव घेत बसलो असतो का? हे तुमच्या ग्रुपवर टाका.

चाळीसगाव_बेंच

मी जरा नियमांच्या बाजूने लिहितो कारण ते कळल्याशिवाय निष्ठा वगैरे बोलणं हवेतलं होतं.

पहिलं म्हणजे जुन्या लोकांना यातून वेगळं काढा. बिल रसेल १३ सीझन बॉस्टनला खेळला आणि ११ वेळा चॅम्पियन झाला, जेरी वेस्ट १४ सीझन लेकर्सला. मोठीच माणसं. पण त्यांना जायचंच असतं तरी जाता येत नव्हतं, करार संपला तरी खेळाडूवर हक्क टीमचाच असायचा. ऑस्कर रॉबर्टसनने खेळाडूंच्या संघटनेतर्फे १९७० ला लीगवर केस केली, ती १९७६ ला मिटली तेव्हा कुठे वाट थोडी उघडली, आणि खेळाडू पूर्ण मोकळा होऊन दुसरीकडे सही करू शकतो हे १९८८ पासून, टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेला तो पहिला. म्हणजे दार उघडं असताना जो बसून राहिला त्याचीच निष्ठा आपण मोजू शकतो. दाराला कुलूप असताना आत बसलेल्याचं आपल्याला कळणारच नाही.

दुसरं, १९८८ नंतर पण दोन्ही बाजू सारख्या नाहीत. आपल्याच खेळाडूला ठेवायला टीम सॅलरी कॅपच्या (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या) वर जाऊ शकते, पाच वर्षांचा करार देऊ शकते, बाहेरची टीम चारच वर्षांचा. २०१६ ला ड्युरांट ओक्लाहोमा सोडून ७३ मॅच जिंकलेल्या गोल्डन स्टेटला गेला, त्यानंतर सुपरमॅक्स आणला, ठराविक कामगिरी केली तर आपलीच टीम कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत देऊ शकते. याचा अर्थ आता बऱ्याचदा राहणाराच जास्त कमावतो आणि जाणारा पैसे सोडून जातो. हे आपल्याकडे कोणी बोलतच नाही, गेला म्हटलं की पैशासाठी गेला असं धरूनच चालतात.

म्हणून माझ्या मते नुसती वर्षं मोजून उपयोग नाही. राहताना काय सोडलं ते बघा. नोवित्स्कीने पैसे सोडले, बरोबर. सॅन अँटोनियोच्या टिम डंकनने पण सोडले, २०१२ ला स्वतःचा पगार निम्म्याहून खाली आणला. तोच डंकन २००० साली ओर्लँडोला जायच्या अगदी काठावर होता हे पण लक्षात ठेवा, तिथे जाऊन सगळं बघून आला होता, त्याच्याच टीममधला डेव्हिड रॉबिन्सन सुट्टी अर्धवट टाकून त्याला समजवायला आला. राहिला आणि त्यानंतर चार टायटल आणखी जिंकला. जायचा विचार मनात येणं हा काही गुन्हा नाही.

धुळेकर_भो

काय भो, लेकर्सच्या कोबीला निष्ठावान म्हणू राहिले का सगळे? २००७ च्या उन्हाळ्यात त्याने रेडिओवर उघड सांगितलं होतं मला ट्रेड करा (दुसऱ्या टीमला देऊन टाका), शिकागोला जायचं होतं. झालं नाही म्हणून राहिला. २००८ च्या फेब्रुवारीत गसोलसारखा जोडीदार आला आणि २००९, २०१० टायटल आले, मग सगळं गोड झालं. आणि शेवटी शेवटी दोन वर्षांचे ४ कोटी ८५ लाख डॉलर घेतले, टीमकडे दुसरा कोणी घ्यायला पैसेच उरले नाही. खेळाडू म्हणून त्याला तोड नाही, निष्ठेचं उदाहरण म्हणून माले पटत नाही.

जळगाव_४१

@धुळेकर_भो, दादा २००७ चं मान्य. पण १२ एप्रिल २०१३ ची गोल्डन स्टेटसोबतची मॅच आठवा, टाचेच्या वरची मोठी शीर तुटली, चालता येत नव्हतं, तरी फ्री थ्रो लाइनवर उभा राहिला, दोन्ही टाकले आणि स्वतःच्या पायाने चालत बाहेर गेला. ३४ वर्षांचा माणूस, प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) टीम पोचावी म्हणून रोज जवळजवळ पूर्ण मॅच खेळत होता. ते पैसे त्यानंतरच दिलेत त्यांनी. सतरा वर्षं दिलेल्या माणसाला टीमने मान म्हणून दिले, त्यात त्याचा काय दोष? सगळ्यांनीच नोवित्स्कीसारखे कमी घ्यावेत ही अपेक्षा मला बरोबर नाही वाटत, टीमचा मालक तर स्वतःचा नफा कमी घेत नाही ना.

शिरपूरची_ताई

सगळे पुरुषांवरच बोलताय म्हणून लिहिते. मी शाळेत असताना धुळे जिल्ह्यातून खेळलेय, आता माझी मुलगी खेळते.

एकाच टीमचं बोलायचं तर अमेरिकेतल्या बायकांच्या लीगमधल्या डायना टॉरासीचं नाव पहिल्या ओळीत यायला पाहिजे. २००४ ते २०२४ फिनिक्स मर्क्युरी, २० सीझन, तीन टायटल. सू बर्ड २००२ पासून २०२२ पर्यंत सिअ‍ॅटल स्टॉर्मला, चार टायटल, आणि ते पण २००४, २०१०, २०१८, २०२० असे पसरलेले, म्हणजे मधे पाच-सात वर्षं काहीच हाताला लागलेलं नाही आणि तरी ती तिथेच. तमिका कॅचिंग्स इंडियाना फीव्हरला २००२ ते २०१६, एकच टायटल, २०१२ चं.

आणि यांची परिस्थिती बघा. अमेरिकेत उन्हाळ्यात खेळायचं त्याचे पैसे इतके कमी की हिवाळ्यात रशियाला जाऊन खेळावं लागायचं, घर चालायचं ते तिथल्या पगारावर. बारा महिने खेळून शरीराचे हाल. टॉरासीला तर २०१५ ला तिच्या रशियन क्लबने पैसे दिले की तू अमेरिकेतला सीझन खेळू नको, आराम कर आणि आमच्यासाठी ताजी राहा. तिने घेतले आणि ती बसली. आता तिला पण गद्दार म्हणणार का? आदल्याच वर्षी तिने फिनिक्सला टायटल जिंकून दिलं होतं, फायनलची एमव्हीपी होती. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. ३२-३३ वर्षांची बाई, गुडघे किती दिवस साथ देणार ते तिलाच माहीत, जिथे कष्टाचा मोबदला मिळतो तिथे तिने घेतला आणि पुढच्या वर्षी परत फिनिक्सला आली आणि आणखी आठ-नऊ सीझन खेळली. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाहेर बसून दुसऱ्याच्या निष्ठेचा हिशोब करणं फार सोपं असतं, आणि तुमच्या ग्रुपवर ज्यांनी त्या पोराला लिहिलं त्यांनी त्याच्या जाण्या-येण्याच्या भाड्याचा तरी कधी विचार केला का हे विचारा त्यांना.

वाघूर_झोन

ताईंचं शंभर टक्के. मला उलट बाजू बघायची आहे, टीमची निष्ठा. खेळाडू गेला की जर्सी जाळतात, २०१० ला क्लीव्हलंडमधे लेब्रॉनची जाळली तशी, पण टीमने खेळाडूला काढलं की त्याला बिझनेस म्हणतात.

आयझेया थॉमसचं माहीत आहे का? बॉस्टनचा, पाच फूट नऊ इंचाचा, ड्राफ्टमधे सगळ्यात शेवटी ६०व्या नंबरवर निवडलेला. एप्रिल २०१७ ला त्याची धाकटी बहीण गाडीच्या अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी प्लेऑफची पहिली मॅच होती, तो खेळला. पुढच्या राउंडला पहिल्या मॅचमधे दात पडला. त्यानंतरच्या मॅचला, २ मे ला, त्याच दिवशी बहिणीचा वाढदिवस असतो, ५३ पॉइंट मारले. कंबरेच्या सांध्याला दुखापत असताना खेळत राहिला, ती दुखापत वाढली. आणि ऑगस्टमधे बॉस्टनने त्याला कायरी अर्विंगच्या बदल्यात क्लीव्हलंडला पाठवून दिलं. तो माणूस त्यानंतर पुन्हा तसा खेळूच शकला नाही. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय.

डमार डरोझन टोरोंटोला नऊ सीझन, मोठे खेळाडू तिथे थांबत नाहीत म्हणायचे तेव्हा हा स्वतःहून थांबलेला. २०१८ च्या जुलैत सॅन अँटोनियोला ट्रेड. आपल्याला ट्रेड करणार नाही असं सांगितलं होतं, हे तो स्वतः म्हणाला. पुढच्याच वर्षी टोरोंटो चॅम्पियन झाली आणि हा घरी बसून बघत होता.

आणि लुका डॉन्चिच तर ताजंच आहे. २०२४ ला डॅलसला फायनलला नेलं, पंचवीस वर्षांचा पोरगा, त्याला नोवित्स्कीसारखं तिथेच राहायचं होतं, आणि फेब्रुवारी २०२५ ला मध्यरात्री बातमी, लेकर्सला पाठवला. सुपरमॅक्सचा हक्क पण त्याच क्षणी गेला कारण तो आपल्या मूळ टीमकडूनच मिळतो. लोक एरिनाबाहेर नोवित्स्कीच्या त्या पुतळ्यापाशी जमले होते निषेधाला. आपल्या सगळ्यात निष्ठावान खेळाडूचा पुतळा ज्या टीमने उभा केला तिनेच हे केलं, याचा मला आजही राग येतो. ज्या जनरल मॅनेजरने हे केलं त्याला नोव्हेंबरमधे काढलं, पण लुका काही परत येत नाही.

चाळीसगाव_बेंच

@वाघूर_झोन मुद्दा पक्का. फक्त एक भर. कुठल्या टीमने सांभाळलं ते पण लिहायला पाहिजे. मायामीने युडोनिस हॅस्लेमला २० सीझन ठेवलं, २००३ ते २०२३. मायामीचाच पोरगा, ड्राफ्टमधे कोणी घेतलाच नाही, फ्रान्सला जाऊन खेळून आला. २०१० ला दुसरीकडून बरेच जास्त पैसे मिळत होते ते सोडून राहिला. शेवटची सात-आठ वर्षं तर तो कोर्टावर जवळपास नसायचाच, बेंचवर बसायचा, पण नवीन पोरांना सरावात दम तोच द्यायचा आणि टीमला ते माहीत होतं म्हणून दरवर्षी करार देत गेले. २०२४ ला त्याचा ४० नंबर निवृत्त केला. स्टार वगैरे नव्हता, तरी माझ्या लेखी या विषयातलं सगळ्यात चांगलं उदाहरण हेच, कारण इथे दोन्हीकडून निभावलं गेलं.

अमळनेर_रिबाउंड

टायटल न मिळता राहिलेल्यांचं कोणीच लिहिलं नाही. रेजी मिलर, इंडियानाला १८ सीझन, २००० ला एकदाच फायनल आणि ती पण हरले. स्टॉकटन, युटाहला १९ सीझन, त्यातल्या १७ सीझनमधे एकही मॅच चुकवली नाही, १५,८०६ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतं तो पास), आजपर्यंत कोणी जवळपास पण गेलं नाही. १९९७ आणि १९९८ दोन्ही फायनल जॉर्डनच्या शिकागोकडून हरले. स्टॉकटन २००३ ला निवृत्त झाला आणि त्याचा जोडीदार कार्ल मलोन चाळिशीत टायटलसाठी लेकर्सला गेला, तिथे पण २००४ ची फायनल डेट्रॉइटकडून हरला. मलोनला मी नावं ठेवत नाही, अठरा वर्षं दिली होती त्याने. पण स्टॉकटनचं मला जास्त भावतं. कोहलीला बंगळुरूसोबत २०२५ ला मिळाली तरी ट्रॉफी, अठराव्या वर्षी का होईना, स्टॉकटनला कधीच नाही आणि तरी युटाहमधे त्याचं नाव काढलं तर लोक उभे राहतात.

नंदुरबार_डेमटाइम

लिलार्डला विसरले सगळे. पोर्टलंडला ११ सीझन, छोटं शहर, प्रत्येक वेळी लोक म्हणायचे जा आता, आणि तो म्हणायचा मला इथेच जिंकायचंय. शेवटी २०२३ च्या जुलैत त्याने स्वतः ट्रेड मागितला, मिलवॉकीला गेला. तेव्हा त्याला पण बोलले लोक, इतकी वर्षं निष्ठेच्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी गेलाच ना. मिलवॉकीत काही जमलं नाही, २०२५ च्या प्लेऑफमधे त्याची पण तीच टाचेवरची शीर तुटली आणि मिलवॉकीने करार बाकी असताना त्याला मोकळं केलं. आणि त्याला परत कोणी बोलावलं, पोर्टलंडने. वर्षभर खेळता येणार नाही हे माहीत असताना तीन वर्षांचा ४ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. त्याची मुलं तिथेच राहतात, घर तिथेच.

भुसावळवाले भाऊ, तुमच्या पोराला हे सांगा. पुण्याला गेला म्हणजे भुसावळ सुटलं असं थोडंच असतं. सुट्टीत आला की त्याच सिमेंटवर लहान पोरांना दोन गोष्टी शिकवून जाईल. पण ते तुम्ही आत्ता त्याला कसं पाठवता त्यावर आहे, शिव्या देऊन पाठवला तर कशाला येईल परत.

धुळेकर_भो

@नंदुरबार_डेमटाइम हे बाकी बरोबर बोलले भो.

भुसावळ_पॉइंटगार्ड

सगळ्यांचे मनापासून आभार. वुर्झबर्गची गोष्ट मी ग्रुपवर टाकली आणि लिलार्डची पण. दोघांनी तर लगेच आपलं आधीचं लिहिलेलं काढून टाकलं, एकजण अजून अडून बसलाय, म्हणतो जिल्हा स्पर्धा खेळून मग जा. मी क्लबला फोन करून विचारलं, ते आठ दिवस उशिरा यायला हो म्हणाले, पण खेळायचं की नाही ते पोराने ठरवायचं, आम्ही कोणी गळ घालायची नाही असं मी स्पष्ट सांगितलंय. काल संध्याकाळी तो ग्राउंडवर आला होता.

ड्युरांटबद्दल मात्र माझं मत फारसं बदललं नाही. ओक्लाहोमा त्या गोल्डन स्टेटविरुद्ध सेमीफायनलला ३-१ पुढे होती, तिथून हरली आणि हा जिंकलेल्याच टीमला जाऊन मिळाला, ते मला आजही पटत नाही. जायचा हक्क होता, पण निवडलं ते मन मोडणारं होतं. चाळीसगाववाल्या दादांना यावर काही म्हणायचं असेल तर लिहा, मी वाचतोय.

आणि शिरपूरच्या ताई, टॉरासीच्या २०१४ च्या फायनलचा व्हिडिओ मराठीत नाहीतर हिंदीत समजावून सांगितलेला कुठे असेल तर टाका इथे. आमच्याकडे यंदा मुली पण यायला लागल्यात, त्यांना दाखवायचाय.